लवणासुर ते चिंची चेटकीण : मराठी रंगमंचावरचा राक्षस हसवू कधी लागला?

(धागा दीर्घ आहे. सवडीने वाचावा.)

लोणारच्या सरोवराची शास्त्रीय हकिगत आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर उल्का आदळली, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे जवळजवळ वर्तुळाकार विवर पडले आणि त्यात खारे, क्षारयुक्त पाणी साठले. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हा त्याची छायाचित्रे जगभर फिरली. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळाचा दर्जाही मिळाला. परंतु विवराच्या काठावर वसलेल्या गावाची स्वतःची हकिगत निराळी आहे आणि आजचा विषय तिच्यापासून सुरू होतो.

भूमीच्या पोटात लवणासुर नावाचा दैत्य राहत असे. तो वर येई, प्रजेला छळी आणि पुन्हा आपल्या बिळात जाऊन दडे. बिळावर भले मोठे झाकण. देवांनी विष्णूला साकडे घातले. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींना मोहात पाडले, त्यांच्याकडून लपण्याची जागा काढून घेतली आणि पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवून दिले. दैत्य मारला गेला. विवर हे त्याचे घर, खारे पाणी हे त्याचे रक्त, आणि दूर जाऊन पडलेल्या झाकणाची म्हणे टेकडी झाली. विष्णूला येथे दैत्यसूदन हे नाव मिळाले. गावातील प्रसिद्ध प्राचीन मंदिर त्याच नावाचे आहे. (रामायणाच्या उत्तरकांडात शत्रुघ्नाने मारलेला मधूचा पुत्र लवण तो वेगळा. नावसाधर्म्यामुळे दोघांची गल्लत वारंवार होते.)

ही कथा नीट पाहिली तर तिच्यात भय आणि हसू यांच्यामधले अंतर एका अंगठ्याएवढे आहे. सगळ्या मुलखाला धाक घालणारा दैत्य, आणि त्याच्या घराचे झाकण डब्याच्या झाकणासारखे टिचकीसरशी उडते! कीर्तनकार येथे आवाज चढवील. विदूषक येथे नुसता अंगठा हलवून दाखवील आणि मुले लोटपोट होतील. कथा एकच, फरक पडतो तो सादरीकरणात. मराठी रंगभूमीने हे अंतर केव्हा आणि कसे ओलांडले, आणि त्यातून मुलांच्या वाट्याला काय आले, ते पाहू.

आरंभ सांगलीपासून करावा लागतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हापासूनच्या पौराणिक नाटकांत राक्षस हे मोठेच आकर्षण होते. देवांचे काम करणारे नट ही ‘देवपार्टी’, राक्षसांचे काम करणारे ही ‘राक्षसपार्टी’. राक्षसपार्टीचा प्रवेश म्हणजे आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट, राळेचे भपके. ‘अलल्डुर्र’ अशी आरोळी ठोकत ही मंडळी येत, म्हणून पुढच्या पिढीने त्या नाटकांना चेष्टेने ‘अलल्डुर्र नाटके’ असे नाव ठेवले. हसवण्याचे काम विदूषकाकडे आणि भिववण्याचे राक्षसाकडे, अशी ही स्वच्छ वाटणी होती. त्या प्रेक्षागारात आईच्या पदराआड तोंड लपवणारी मुले बसलेली असणार. पण नाटक त्यांच्यासाठी नव्हते. मोठ्यांसाठी मांडलेल्या पंगतीत मुलेही जेवून घेत, एवढेच.

तळकोकणात मात्र ही वाटणी आधीच मोडलेली होती. दशावताराच्या खेळात आरंभी येणारा संकासुर पाहावा. वेद पळवणारा हा पुराणातला शंखासुर. अंगावर काळा वेश, चेहरा झाकलेला, लोंबणारी लाल जीभ. रूप भयाचे, पण तोंड उघडले की मालवणीतून सूत्रधाराची अशी फिरकी घेतो की मांडव हसू लागतो. शेवटी विष्णूकडून तो मारला जातो, हे सर्वांना ठाऊक असते. तो घाबरवतो आणि हसवतोही, आणि ही दोन्ही कामे एकाच अंगाने करतो. पुढच्या शतकात मुंबईच्या बालनाट्यात जी चेटकीण अवतरली, तिचा वंश शोधायचा तर तो परदेशी परीकथांपेक्षा मला या संकासुराजवळ अधिक सापडतो. हा माझा तर्क आहे. पण तो कशावर उभा आहे ते पुढे येईलच.

दुसरा धागा तमाशातल्या गवळणीचा. गोकुळातल्या बाळकृष्णाच्या कथा या मुळात मुलांच्याच कथा: दह्याची चोरी, गवळणींची वाट अडवणे, सवंगड्यांच्या खोड्या. गणानंतर येणाऱ्या गवळणीत त्यांचे चक्क प्रहसन होते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांच्याकडे दाण मागणारा कृष्ण, त्याचा बोबडा, वेडावाकडा सवंगडी पेंद्या, आणि गवळणींची म्होरकी ‘मावशी’. मावशीचे काम पुरुष करतो आणि आपण पुरुष आहोत हे तो लपवीत नाही. लुगड्यातला हा थोराड नट आणि त्याची हजरजबाबी बोली, हे मराठी विनोदाचे एक जुने चलनी नाणे. ते कुणाच्या हाती गेले, तेही पुढे पाहू.

आता छापील गोष्टींकडे वळू. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीचे मराठी रूप प्रसिद्ध झाले. मुलांसाठी गोष्टी छापण्यामागचा हेतू स्पष्ट होता: बोध. कोल्ह्याने द्राक्षे आंबट म्हटली की खाली तात्पर्य आलेच पाहिजे. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केले तेव्हा नावापासूनच निराळा सूर लागला. तरी रंगमंचावर मुलांना स्थान मिळे ते शाळेच्या स्नेहसंमेलनातच. मुलांनी पाठांतर करावे, मास्तरांनी पडद्याआडून शब्द पुरवावेत आणि पालकांनी कौतुकाने मान डोलवावी. पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक असताना प्रल्हाद केशव अत्रे यांनी शाळेसाठी ‘गुरुदक्षिणा’सारख्या नाटिका लिहिल्या. पुढे ‘साष्टांग नमस्कार’ने महाराष्ट्राला हसवणारा हा लेखक आधी मुलांपुढे उभा होता, ही गोष्ट त्याच्या चरित्रात तळटिपेपुरती उरते याचे वाईट वाटते.

या संमेलनी नाटकांत एक गोष्ट उलटी होती. रंगमंचावर मुले आणि खुर्च्यांत मोठी माणसे. म्हणजे ज्यांच्यासाठी खेळ, तेच घामाघूम होऊन काम करीत आणि मजा दुसरे पाहत.

ही मांडणी उलटवली सुधा करमरकर यांनी. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यवातावरणात वाढलेल्या या अभिनेत्रीने अमेरिकेत जाऊन बालरंगभूमीचा अभ्यास केला आणि १९५९ साली ‘लिटल थिएटर – बालरंगभूमी’ ही संस्था सुरू केली. पहिले नाटक ‘मधुमंजिरी’. लेखक होते जेमतेम विशीतले रत्नाकर मतकरी. दिग्दर्शन करमरकरांचे, आणि त्यातली चेटकीणही त्यांनीच रंगवली. येथे जरा थांबावे. संस्थेची प्रमुख, नाटकाची दिग्दर्शिका, सुविद्य अभिनेत्री; आणि तिने स्वतःसाठी राजकन्या न निवडता चेटकीण निवडली! मुलांच्या नाटकातले सर्वांत अवघड काम कोणते, हे तिने ओळखले होते. राजकन्या सुंदर दिसली की तिचे अर्धे काम झाले. चेटकिणीला मात्र दर मिनिटाला ठरवावे लागते की समोरच्या पाच वर्षांच्या जिवाला आता किती घाबरवायचे आणि कोणत्या क्षणी सोडवायचे. जरा जास्त झाले तर मूल रडून बाहेर नेण्याची वेळ येते. जरा कमी झाले तर ते खुर्चीवर उभे राहून मागच्यांशी खेळू लागते.

लिटल थिएटरच्या पुढच्या नाटकांची नावे पाहा: ‘कळलाव्या कांद्याची कहाणी’, ‘चिनी बदाम’, ‘हं हं आणि हं हं हं’. तात्पर्याचा मागमूस नाही. नाव उच्चारताच ओठांवर हसू यावे, एवढीच योजना. त्याच सुमारास विजय तेंडुलकर ‘चिमणा बांधतो बंगला’ आणि ‘राजाराणीला घाम हवा’ लिहीत होते, पु. ल. देशपांडे यांचे ‘वयं मोठं खोटम्’ होते. मोठ्यांच्या रंगभूमीवर ज्यांचा दबदबा, ते लेखक मुलांसाठी लिहिणे कमीपणाचे मानत नव्हते, हे त्या काळाचे वैशिष्ट्य.

१९६२ मध्ये मतकरींनी प्रतिभा मतकरी यांच्यासह ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘राक्षसराज झिंदाबाद’, ‘सरदार फाकडोजी वाकडे’, ‘अचाट गावची अफाट मावशी’ आणि अर्थातच ‘अलबत्या गलबत्या’ ही त्यांची नाटके. राक्षसाच्या नावाने झिंदाबाद! अलल्डुर्रपासून आपण किती दूर आलो ते या एका शीर्षकात दिसते.

गोष्टीचे हास्यनाट्य होताना नेमके काय बदलते, हे मतकरींच्या नाटकांवरून चांगले कळते. पहिला बदल नावात. परीकथेतल्या दुष्टांना बहुधा नावच नसते. नुसती ‘एक चेटकीण’, ‘एक राक्षस’. निनावी वस्तूची भीती अधिक वाटते. तिला ‘चिंची’ म्हटले की निम्मी भीती तेथेच ओसरते. नायकाचे नावही असेच. ‘अलबत्या गलबत्या’ म्हणजे बोलीत ऐरागैरा, कुणीही सोम्यागोम्या. म्हणजे ज्याला कुणी खिजगणतीत धरत नाही तोच नायक. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला हे नाव ऐकून काय वाटले असेल, ते मोठ्यांना कळणे कठीण.

दुसरा बदल माहितीच्या वाटपात. पुस्तकातली गोष्ट वाचताना मूल आणि नायक एकाच वेळी फसतात. नाटकात चेटकीण आपला बेत प्रेक्षकांसमोर उघड करते, मग नायक येतो आणि त्याला काही पत्ता नसतो. आता ठाऊक कुणाला? सभागृहातल्या मुलांना. ‘मागे बघ, मागे बघ’ असा जो गिलका होतो तो बालनाट्याचा खरा प्राण. एरवी घरात ज्याला सतत सांगितले जाते, ते मूल येथे दुसऱ्याला सांगत असते. चेटकिणीलाही ते ओरडणे ऐकू येते, ती मुलांना दटावते, मुले तिला उलट उत्तर देतात. तमाशातली मावशी प्रेक्षकांशी ज्या सलगीने बोलते, तीच ही सलगी.

आणि तिसरा बदल देहाचा. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण गाजवली दिलीप प्रभावळकर यांनी. पुरुषाने केलेली चेटकीण. करमरकरांच्या चेटकिणीहून ही जात वेगळी. स्वतःच्याच हुशारीवर लुब्ध असलेली, ठुमकणारी, क्षणात चिडणारी ही बाई म्हणजे लुगड्यातल्या मावशीची आणि काळ्या वेशातल्या संकासुराची नात शोभावी. खोटे नाक आहे, खोटा आवाज आहे, हे मुलांना दिसत असते. दिसत असूनही ती घाबरतात आणि घाबरतानाच हसतात. माझा वरचा तर्क या चेटकिणीवर उभा आहे.

एक विलक्षण योग येथे नोंदवावा. ज्या लेखणीने ही चेटकीण लिहिली, त्याच लेखणीने मराठी गूढकथेला तिची आधुनिक ओळख दिली. मतकरींची ‘खेकडा’ वाचून रात्री दिवा मालवायला कचरलेले वाचक पुष्कळ असतील. बँकेत नोकरी करीत, एका हाताने मोठ्यांना भीती आणि दुसऱ्या हाताने मुलांना हसू, असा हा गृहस्थ लिहीत राहिला. भीती कशाने तयार होते हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच ती उसवता येते. त्यांची बालनाट्ये इतकी अचूक हसवतात त्याचे कारण मला येथे दिसते.

आता या सगळ्यावरचा एक गंभीर आक्षेप. चेटकीण ही आपल्याकडे केवळ गोष्टीतली बाई नाही. एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या, विधवा स्त्रीवर ‘ही चेटूक करते’, ‘हिने करणी केली’ असा आळ घ्यायचा, तिला वाळीत टाकायचे, मारहाण करायची, हे गावोगाव घडत आले. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी अठरा वर्षे झगडले, तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर आधी अध्यादेशाने आणि त्याच डिसेंबरात नागपूर अधिवेशनात अधिनियम म्हणून आला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, असा संशय पसरवून तिचे जगणे कठीण करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. मग प्रश्न असा की, ज्या समाजात या शब्दाने माणसे मारली गेली, त्या समाजात मुलांना वाकड्या नाकाच्या, कुबड असलेल्या चेटकिणीवर हसायला शिकवावे काय? उद्या ते मूल गल्लीतल्या वाकलेल्या आजीकडे कोणत्या नजरेने पाहील?

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. संकासुर, लवणासुर यांना वाली नसतो आणि त्यांची नातलग मंडळी आपल्या शेजारी राहत नाहीत. चेटकीण मात्र शेजारी राहणाऱ्या बाईलाच म्हटले जाते. तरीही मतकरींच्या चिंचीबाबत मला आक्षेप पूर्णपणे पटत नाही. चेटकिणीवरच्या आळाला जी ताकद मिळते ती भीतीतून आणि कुजबुजीतून. चिंची दिव्याच्या झगमगाटात येते, स्वतःच आपले बेत सांगते, तिचे मंत्र फसतात, आणि तिचे काम करणारा तर मिशा काढलेला पुरुष! तिच्यासारखे प्रत्यक्षात कुणी असते असे मानायला ती जागाच ठेवत नाही. उलट स्वस्त नकलांत, जिथे विनोदाचा सगळा भार काळ्या रंगावर, कुबडावर आणि बोळक्या तोंडावर टाकलेला असतो, तिथे आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो. अशी बालनाट्येही मराठीत उदंड झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवड्याभरात बसवलेली, खुर्चीवरून घसरून पडणे यापलीकडे विनोदाची कल्पना नसलेली. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही.

या प्रश्नाला अगदी वेगळे उत्तर पुण्याने दिले. बर्लिनमध्ये फोल्कर लुडविग यांनी उभारलेल्या ‘ग्रिप्स’ रंगभूमीची कल्पना डॉ. मोहन आगाशे यांनी थिएटर अकॅडमीमार्फत येथे आणली आणि १९८६ मध्ये ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ हे श्रीरंग गोडबोले यांनी केलेले मराठी रूपांतर रंगमंचावर आले. ग्रिप्समध्ये परी नाही, राक्षस नाही, चेटकीण नाही. मुलांची कामे मोठी माणसे करतात आणि गोष्ट असते घरातली, जिन्यातली, शाळेतली. नाटक खळखळून हसवते, पण हसू कुणावर? शीर्षकच सांगते: वाईट्ट मोठे. राक्षसाची रिकामी झालेली जागा आईवडील, शेजारी आणि मास्तर यांनी भरून काढली. पालकांना हे सहज पचले असेल असे वाटत नाही. मुले मात्र पहिल्या वाक्यापासून नाटकाच्या बाजूने असतात.

ग्रिप्सच्या चाहत्यांना परीकथांची नाटके भाबडी वाटतात. परीकथावाल्यांना ग्रिप्स कोरडे वाटते. हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘अलबत्या गलबत्या’ पुन्हा आले, वैभव मांगले चिंची झाले आणि मोबाइलवर वाढलेल्या पिढीने नाट्यगृहे भरून टाकली. जुनी गोष्ट, जुने मंत्र, आणि तोच गिलका. वादाचा निकाल मुलांनी आपल्यापुरता लावून टाकला असे म्हणता येईल.

अर्थात ही नाट्यगृहे बहुतांशी मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथली. बुलढाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी व्यावसायिक बालनाट्याची गाडी क्वचितच वळते. लोणारसारख्या ठिकाणी मुलांची रंगभूमी म्हणजे अजूनही शाळेचे स्नेहसंमेलन, फार तर सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा. आणि स्पर्धेसाठी संहिता शोधताना शिक्षक बहुधा पर्यावरण, व्यसनमुक्ती, मोबाइलचे दुष्परिणाम यांच्याकडे वळतात. छत्र्यांच्या काळचे तात्पर्य असे वेश पालटून परत येते. दाराशी लवणासुर झोपलेला असताना!

त्याचे नाटक करायचे झाल्यास अडचण कोठे येईल, तेही सांगतो. झाकण, अंगठा, घोरणारा दैत्य, हे सगळे आयते आहे. अवघड आहेत त्या बहिणी. देवाने रूप पालटून त्यांना फसवले, त्यांनी भावाचा ठावठिकाणा सांगितला. पुराणाला हे चालते, मुलांच्या नाटकाला चालत नाही. मुलांना भाऊ-बहिणीचे नाते कळते आणि चहाडीही कळते. एखादे मूल तालमीत विचारील की भावाला मारायला आलेल्या माणसाला बहिणीने पत्ता का दिला, आणि मोठ्यांकडे उत्तर नसेल. मतकरी अखेरच्या वर्षांत ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ चालवत. वस्त्यांतली मुले तेथे आपल्या गोष्टी आपणच रचून सादर करीत. त्यांचा मार्ग धरला तर हा प्रश्न मुलांनाच परत विचारावा लागेल: बहिणी काय म्हणाल्या असतील? कदाचित दैत्याच्या घोरण्याने त्यांचीच झोप उडाली असेल. कदाचित त्यांनी पत्ता चुकीचा सांगितला असेल आणि देव बिचारा अंगठा दुखेपर्यंत भलतीच झाकणे उडवत राहिला असेल.